पासवर्ड आहे ना, मग झालं?

हॉस्टेलात लॅपटॉप हरवला की पहिलं वाक्य ठरलेलं : "जाऊ दे रे, पासवर्ड होता." पैसे गेले, पण डेटा सुरक्षित, अशी समजूत. पाचूबंदरला मच्छीमारांच्या एका सोसायटीचा हिशेब ठेवणारे माझे काकाही तेच म्हणायचे. कुणाच्या बोटीला किती डिझेल, कुणाचा खाते नंबर, कुणाचं आधार, सगळं त्यांच्या घरच्या लॅपटॉपवर! मी त्यांच्यासमोर स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली, यूएसबी केबलने माझ्या मशीनला जोडली. डिझेलची यादी लगेच उघडली. पासवर्ड कुणी विचारलासुद्धा नाही.

लॉगिन पासवर्ड हा विंडोजचा पहारेकरी. विंडोज सुरूच झालं नाही तर पहारा कोण देणार? डिस्कवरचा मजकूर उघडाच असतो.

फुल डिस्क एन्क्रिप्शनमध्ये तो मजकूरच कूटरूपात लिहिला जातो, बहुधा एईएस पद्धतीने (अमेरिकेत ती २००१ मध्ये प्रमाण ठरली). गंमत म्हणजे डिस्क आपल्या पासवर्डने कुलूपबंद होतच नाही. मशीन स्वतः एक रँडम किल्ली बनवतं. पासवर्ड फक्त त्या किल्लीची पेटी उघडतो. म्हणून पासवर्ड बदलायला क्षण पुरतो, पाचशे जीबी पुन्हा लिहावे लागत नाहीत. आणि म्हणूनच किल्लीची नोंद खराब झाली तर पासवर्ड पाठ असूनही डेटा गेला! बिटलॉकरमध्ये ही पेटी बहुधा मदरबोर्डवरची टीपीएम चिप उघडते. लिनक्सवाल्यांना लक्स आहेच. सीनियरच्या जुन्या सीडीतल्या ट्रूक्रिप्टच्या मात्र नादी लागू नका. ते २०१४ मध्येच बंद पडलं. त्याच्यावरून निघालेलं व्हेराक्रिप्ट घ्या.

आमच्या वसईच्या किल्ल्याचा तट १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून फोडला. एईएसचा तट असा फुटत नाही. चोर उघड्या दरवाजाने येतो. मशीन चालू असताना किल्ली रॅममध्ये असते. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी रॅम गार करून ती काढून दाखवली होती. व्हायरसलाही चालू मशीनवरच्या फायली तुमच्यासारख्याच दिसतात. मेसला जाताना नुसतं झाकण मिटू नका, शट डाऊन करा.

बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेपासून लांब ठेवा. बॅकअप हवाच, आणि तोही एन्क्रिप्ट केलेला. पेन ड्राइव्ह तर लॅपटॉपच्या आधी हरवतो!