गारठ्यातला छापखाना

१९०८ सालच्या हिवाळ्यात अंटार्क्टिकावर, रॉस बेटावरच्या केप रॉइड्स इथे, अर्नेस्ट शॅकल्टनच्या मोहिमेने चक्क एक पुस्तक छापलं. बाहेर महिनोन्‌महिने न संपणारी रात्र आणि आत पंधरा माणसांची एक लाकडी झोपडी. त्यातल्या फ्रँक वाइल्ड आणि अर्नेस्ट जॉइस यांच्या चिंचोळ्या खोलीत हातयंत्र आणि खिळ्यांचे खण बसवले होते. दोघांचाही मूळ पेशा दर्यावर्दीचा. मोहिमेवर निघण्याआधी लंडनमध्ये छपाईचं थोडंफार शिक्षण घेतलेलं, तेवढंच. खिळ्यांखाली एक दिवा आणि शाईच्या पाट्याखाली दुसरा ठेवून त्यांचं काम चाले. एकदा त्यांना दुसऱ्या कामासाठी उठावं लागलं आणि तेवढ्यात पाटा इतका तापला की शाईचा रूळच वितळला! त्या अख्ख्या खंडावर बहुधा तेवढा एकच रूळ असावा, असं शॅकल्टनने लिहून ठेवलंय. तो कसाबसा पुन्हा ओतला गेला आणि ‘ऑरोरा ऑस्ट्रॅलिस’च्या शंभरेक प्रती निघाल्या.

दिवा पाट्याखाली ठेवण्याची त्यांची अक्कल मात्र बरोबर होती. छपाईची जुनी शाई म्हणजे उकळून दाट केलेल्या अळशीच्या तेलात घोटलेली काजळी. तापमान उतरलं की ही शाई नुसती दाट होत नाही, तिचा चिकटपणाही वाढतो, आणि खरी पंचाईत या चिकटपणाने होते. कागद खिळ्यांवरून उचलला जाताना शाईचा पातळ थर मधोमध फाटावा लागतो. निम्मी शाई कागदावर, निम्मी खिळ्यांवर. शाईची ओढ कागदाच्या पृष्ठभागाच्या ताकदीपेक्षा जास्त झाली, तर शाईऐवजी कागदच फाटतो. त्याचे बारीक तंतू सोलून निघतात आणि गडद काळ्या भागात पांढरे ठिपके दिसू लागतात. मालक कागदाला दोष देतो. बऱ्याचदा दोषी असते ती सकाळची थंडी.

यावर सोपा उपाय म्हणून शाईत तेल मिसळलं जातं. मला तो उपाय पटत नाही. सकाळी आठला बरोबर जमलेली शाई दुपारी छापखाना तापला की पातळ पडते, अक्षरांच्या पोटात भरते आणि कडा पसरतात. त्यापेक्षा शाई पाट्यावर सुरीने भरपूर घोटावी, यंत्र थोडा वेळ रिकामं फिरवावं. स्थिर पडलेली शाई घट्ट होते आणि घोटली की सैल पडते. हा तिचा मूळ स्वभावच आहे. तो थंडीतही कामी येतो.

रुळाची तऱ्हा वेगळी. एकोणिसाव्या शतकात रूळ सरस आणि काकवीचे ओतले जात. पुढे त्यात ग्लिसरीन आलं. हे मिश्रण हवेतला ओलावा शोषतं, उन्हाळ्यात मऊ पडतं आणि थंडीत आकसून कडक होतं. म्हणून छापखान्यांत उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे रूळ वेगवेगळ्या प्रमाणांत ओतत. आजचा रबरी रूळ वितळत नाही, पण गारठ्यात तोही कडक होतो आणि खिळ्यांवर नीट टेकत नाही.

मग सगळी खोलीच तापवली तर? इथे हवेचं गणित आडवं येतं. ५ अंश सेल्सिअसच्या हवेत ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल आणि तीच हवा २० अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता जेमतेम ३० टक्क्यांवर येते. कागद ओलावा सोडतो, कडांनी आधी आकसतो. कोरड्या हवेत स्थिर वीज साचते आणि ताव एकमेकांना चिकटून दोन-दोन उचलले जातात. कागद ओलाव्याने असा हलतो म्हणूनच १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी विलिस कॅरियरने आर्द्रता काबूत ठेवणारी यंत्रणा आखली. तिथे तक्रार दमट उन्हाळ्याची होती. रंग एकावर एक बरोबर बसत नव्हते. आज घराघरांत गुरगुरणाऱ्या एसीचं मूळ त्या छापखान्यात आहे.

रॉकेलचा स्टोव्ह पेटवला तर उलटाच प्रकार होतो. एक लिटर रॉकेल जळलं की लिटरभराहून थोडं जास्तच पाणी वाफेच्या रूपात हवेत मिसळतं. खोली १८ अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्क्यांवर पोचली, तर १० अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर दव धरणार. आणि रात्रभर गारठलेलं यंत्राचं टनभर बीड काही तासाभरात तापत नाही. आधी ओलं होतं ते यंत्र, मग धरतो गंज. थंड गोदामातून आणलेल्या कागदाचंही तेच. गठ्ठा बांधलेलाच ठेवून खोलीच्या तापमानावर येऊ द्यावा, घाईने उघडू नये.

उरला प्रश्न वाळण्याचा. अळशीची शाई पाणी उडून वाळत नाही. तिच्यातलं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जोडलं जाऊन घट्ट होतं. ढोबळ नियमाने तापमान दहा अंश उतरलं की अशा रासायनिक क्रियेचा वेग निम्म्यावर येतो. वरून कोरडा दिसणारा ताव गठ्ठ्याच्या वजनाखाली वरच्या तावाच्या पाठीवर डाग उमटवतो. डिसेंबरात निफाड-नाशिककडे पहाटे पारा एक आकडी होतो. तेव्हा कुणी जुनं ट्रेडल छपाईयंत्र हौसेने चालवत असेल, तर त्याने गठ्ठे लहान ठेवावेत आणि कटिंगला पाठवण्याआधी दुसऱ्या दिवशीही एका तावावर अंगठा घासून पाहावा.