अपुऱ्या दिवसांचे मूल: समज आणि वस्तुस्थिती

आठव्या महिन्यात जन्मलेले मूल हाती लागत नाही, सातव्यातले मात्र जगते, ही समजूत चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या आश्रयाने गावोगावांहून येऊन मुकुंदवाडीत स्थायिक झालेल्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांच्या तोंडी आजही इतक्या निःशंकपणे येते, की दिवस भरण्याआधी बाळंत झालेल्या सुनेच्या उशाशी ती उच्चारताना आपण एका कोवळ्या जिवाचा निवाडाच करून टाकीत आहोत, याची जाणीव त्यांना नसते. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. कारण आठव्या मासात ओज अस्थिर असल्याने तेव्हा जन्मलेले मूल जगत नाही, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे, आणि हिपोक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या प्राचीन ग्रीक ग्रंथांतही हेच मत आढळते. दोन थोर परंपरांनी एकमुखाने सांगितलेली ही गोष्ट तरीही खरी नाही. उदरातील प्रत्येक आठवडा फुप्फुसे, मेंदू आणि आतडी यांना परिपक्व करीत असतो, म्हणून बत्तीस आठवड्यांच्या मुलाची जगण्याची शक्यता अठ्ठावीस आठवड्यांच्या मुलापेक्षा निश्चितच अधिक. पूर्वी सातव्यातली म्हणून जगलेली पुष्कळशी मुले, दिवसांचा हिशेब चुकल्यामुळे, वस्तुतः त्याहून अधिक दिवसांची असावीत असे मला वाटते.

लहानखुरे मूल म्हणजे अपुऱ्या दिवसांचे मूल, हाही असाच एक गोंधळ. सदतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे, अडीच किलोंच्या आतले ते कमी वजनाचे. आणि मातेच्या कुपोषणामुळे, पंडुरोगामुळे वा रक्तदाबामुळे पूर्ण दिवस भरूनही अशक्त जन्मणारी मुले आपल्या देशात विपुल आहेत. दोहोंची दुखणी वेगळी, म्हणून गर्भारपणाचे कागद प्रसूतीच्या वेळी सोबत असणे अगत्याचे.

याहून घातक समज असा, की किलोभराच्या आतले मूल वाचणे सर्वस्वी दैवाधीन असून त्यासाठी धावाधाव व्यर्थ होय. जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला याविरुद्ध अत्यंत स्पष्ट आहे: अठ्ठावीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलांपैकी गरीब देशांत शंभरांतील नव्वदांहून अधिक पहिल्या काही दिवसांतच दगावतात, तर संपन्न देशांत दहाही दगावत नाहीत. मुले तीच, तफावत तजविजीची. न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले, की मुदतपूर्व कळा लागलेल्या मातेस प्रसूतीपूर्वीच स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर सिद्ध होतात. परंतु हा लाभ माता वेळेत पोहोचली तरच मिळतो. म्हणून बाळ जन्मल्यावर त्याला घेऊन जालना रस्त्याने धावण्यापेक्षा, कळा अवेळी सुरू होताच १०२ क्रमांकाची गाडी बोलावून मातेलाच घाटीसारख्या, नवजात अतिदक्षता कक्ष असलेल्या रुग्णालयात हलवणे शहाणपणाचे; कारण प्रवासात उदराइतके सुरक्षित वाहन दुसरे नाही. खर्चाच्या धास्तीने कोणी थबकू नये. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये २०११ पासून सरकारी रुग्णालयातील प्रसूती आणि आजारी नवजाताचा उपचार विनामूल्य असून पुढे ही सवलत वर्षापर्यंतच्या बालकांनाही लागू झाली. ती मेहेरबानी नसून हक्क आहे.

पेटीत ठेवलेल्या बाळाला आईने हात लावू नये, हा समज तर मला विशेष दुःखद वाटतो. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एदगार रे आणि पुढे डॉ. एक्तोर मार्तीनेस यांनी बाळांना मातेच्या उघड्या छातीशी ठेवण्याची पद्धत रूढ केली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एक ते १.८ किलोंच्या आतल्या बाळांना जन्मानंतर लगेच असे ठेवल्याने पहिल्या महिन्यातील मृत्यू सुमारे पंचवीस टक्क्यांनी घटल्याचे आढळले. मध, गुटी आणि वरचे दूध यांपेक्षा चीक श्रेष्ठ, ही गोष्टही इतकीच पक्की आहे. लहानग्या आतड्यांचा जीवघेणा दाह वरच्या दुधाने वाढतो, म्हणूनच डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. आणि ज्यांच्याजवळ कोणतेच यंत्र नव्हते, त्या गडचिरोलीतील ३९ गावांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात गावातल्याच बायकांना शिकवून नवजातांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी करून दाखविले.

बाळ घरी आले, वजन वाढू लागले, आता भय सरले, असे मानून पुढच्या तपासणीची हयगय होते, आणि येथेच सर्वांत मोठा घात दडलेला असतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलाच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झालेली नसते. प्राणवायूचे प्रमाण अधिक झाल्यास किंवा अन्य कारणांनी त्या वेड्यावाकड्या वाढून पटल सुटते आणि मूल कायमचे अंध होते. डोळा बाहेरून निर्मळ दिसतो, म्हणून आईला काहीच कळत नाही. बाहुली औषधाने मोठी करून तज्ज्ञाने आत पाहिले तरच कळते. दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या प्रत्येक मुलाची ही तपासणी तीस दिवसांच्या आत, आणि अतिशय लहान असल्यास दोन-तीन आठवड्यांतच झाली पाहिजे; वेळेवर लेसर उपचार झाल्यास बहुतेकांची दृष्टी राहते. श्रवणाची तपासणीही त्याच फेरीत उरकावी.

असे मूल पुढे मंदबुद्धीच निघते, या भयाचे उत्तर पुण्यानेच दिले आहे. के. ई. एम. रुग्णालयातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या, दोन किलोंच्या आतल्या मुलांचा तेथील बालरोगतज्ज्ञांनी तारुण्यापर्यंत मागोवा घेतला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ८९.५ भरला, पूर्ण वजनाच्या मुलांच्या ९७.२ हून तो कमी, तरी सामान्य मर्यादेतच. मात्र लेखन व गणित यांत अडचणी अधिक आढळल्या, आणि दिवसही अपुरे व त्या दिवसांच्या मानाने वजनही कमी, अशी मुले सर्वांत मागे राहिली. म्हणून शाळेत अक्षर वळत नसेल तर शिक्षा न करता जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा रस्ता धरावा. पहिली दोन वर्षे मान धरणे, बसणे, बोलणे यांचा हिशेब जन्मतारखेवरून न करता ठरलेल्या प्रसूतीच्या तारखेवरून करावा. लसी मात्र, डॉक्टरांनी अन्यथा सांगितले नसेल तर, जन्मतारखेप्रमाणेच टोचाव्यात.