उदास मनाला चुंबकाचा उपचार

राळेगावकडच्या वावरात पऱ्हाटी फुटली आहे, वेचणीची घाई आहे, आणि घरचा कर्ता गडी खाटेवर पडून आहे. झोप नाही, भूक नाही. बाजारातून काय आणायचे तेही त्याला आठवत नाही. घरचे म्हणतात, "आळस भरलाय." शेजारी म्हणतो, "बाहेरचं काही असेल." श्रोतेहो, असे दोन आठवडे चालले तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. विसरणे हेही त्याचेच एक लक्षण होय.

गोळ्या आणि समुपदेशन हे यावरचे पहिले उपाय. परंतु काहींना त्यांनी गुण येत नाही. अशांसाठी आणखी एक उपचार आहे. तो समजून घ्यावयाचा तर सायकलचा डायनामो आठवा. त्यात चुंबक फिरले की जवळच्या तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ साली शोधलेला हा नियम गुरुजी वर्गात शिकवतातच. १९८५ साली इंग्लंडात शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मेंदूसाठी वापरला. वेटोळे डोक्याजवळ धरून त्यातून क्षणभर जोराची वीज सोडली, की तिचे चुंबकत्व कवटीतून आत जाते आणि मज्जापेशींत सूक्ष्म प्रवाह उठतो.

नैराश्यात बहुधा डाव्या कपाळामागच्या भागाला अशी चालना देतात. चिरफाड नाही, भूल नाही. रोगी खुर्चीत जागाच बसतो. टकटक आवाज येतो. आठवड्याचे पाच दिवस, असे चार ते सहा आठवडे. अमेरिकेत या उपचाराला २००८ साली मान्यता मिळाली.

मात्र गुण सर्वांनाच येतो असे नाही. मन सावरले की लक्ष लागते, आठवणही बरेचदा सुधारते. पण परीक्षेसाठी बुद्धी वाढवण्याचे हे यंत्र नव्हे. मिरगी असेल किंवा डोक्यात धातू बसवलेला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

ही यंत्रे बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. आपली पहिली पायरी यवतमाळचे शासकीय रुग्णालय. फोनवर बोलायचे तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी क्रमांक २०२२ पासून आहे. तो दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत. "आता जगून काय करू" असे कोणी म्हणाले, तर उद्यावर टाकू नका, त्याला एकटे सोडू नका. "ऊठ, कामाला लाग" म्हणण्यापेक्षा "चल भाऊ, मी येतो सोबत" एवढे म्हणा.