न आलेल्या रुग्णांचा नकाशा

तालुक्याला नवे प्राथमिक आरोग्य केंद्र मंजूर झाले की पहिला वाद जागेचा. केंद्र मध्यवर्ती हवे, याबद्दल सर्वांचे एकमत असते. मध्य कोणता, यावरून भांडण सुरू होते. शेवटी अनेकदा ज्या ग्रामपंचायतीकडे मोकळे गायरान असते, तिथे इमारत उभी राहते. ‘शास्त्राला या मध्याबद्दल काही सांगता येते का?’ असा प्रश्न चांदवडच्या एका वाचकाने विचारला आहे. सांगता येते, आणि ते फार देखणे आहे.

चांदवडचाच नकाशा घेऊ. उत्तरेला सातमाळा डोंगररांग, मधून मुंबई–आग्रा महामार्ग, महामार्गावर चांदवड शहर आणि तिथले उपजिल्हा रुग्णालय. पिंपळगावच्या बाजूला वडनेरभैरवकडची द्राक्षांची गावे, मनमाडच्या बाजूला कोरडवाहू पट्टा, आणि किल्ल्यांच्या पायथ्याला राजधेरवाडी, हट्टी अशी गावे. हा नकाशा एका लाकडी फळीवर चिकटवा. प्रत्येक गावाच्या जागी भोक पाडा, त्यातून दोरा ओवा आणि खालच्या टोकाला गावाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वजन टांगा. वरची सगळी टोके एका गाठीत बांधा आणि गाठ सोडून द्या. ती क्षणभर हिंदकळेल आणि एका जागी थांबेल. प्रत्येक वजनाला जास्तीत जास्त खाली जायचे असते, म्हणून फळीवर कमीत कमी दोरा उरतो. ती गाठ थांबते तिथे केंद्र बांधले, तर तालुक्यातल्या सर्व माणसांचे मिळून होणारे अंतर सर्वांत कमी भरते. एकही समीकरण न सोडवता!

या उपकरणाला सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती पिएर वारिन्यों यांचे नाव आहे. कारखाना कुठे काढावा, या प्रश्नासाठी जर्मन अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ साली लिहिलेल्या ग्रंथाच्या गणिती परिशिष्टात ते पुन्हा भेटते. आजची जागानिवडीची सॉफ्टवेअर मुळात या गाठीचाच शोध घेतात. फरक एवढाच की ती एकाच वेळी अनेक गाठी हाताळतात आणि हवेतल्या अंतराऐवजी रस्ते धरतात. १९६४ साली लुई हकिमी यांनी दाखवून दिले की रस्त्यांच्या जाळ्यावर असा उत्तम बिंदू शोधताना गावे आणि फाटे एवढेच तपासले तरी पुरते. त्यामुळे काम आवाक्यात आले, पण सोपे झाले नाही. शंभर गावांतून सात निवडायची तर पर्याय सोळाशे कोटींच्या वर जातात.

आता त्या फळीकडे पुन्हा बघा, कारण तिच्यात एक खोट आहे. राजधेरवाडीचे भोक त्याच रेषेत आणखी लांब पाडले तर गाठ किती सरकेल? तसूभरही नाही. दोरा लांबला तरी वजन तेवढेच राहते, म्हणून ओढही तेवढीच. गाव दूर आहे म्हणून गाठ त्याच्याकडे जास्त खेचली जात नाही. एकट्या शहराचे वजन बाकी सगळ्या गावांच्या बेरजेपेक्षा जास्त असेल, तर गाठ थेट शहराच्या भोकात जाऊन बसते. एकूण अंतर कमी करणे हा निकष ऐकायला न्याय्य वाटतो, पण शेवटच्या वस्तीचे दूरपण त्याला ऐकूच येत नाही.

सरकारी निकषातही हे दूरपण पुरेसे येत नाही. सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांमागे एक उपकेंद्र; डोंगरी व आदिवासी भागात हेच आकडे २० हजार आणि ३ हजार. भोर समितीने १९४६ साली अल्पकालीन योजनेत ४० हजारांमागे एक केंद्र सुचवले होते, तेव्हापासून मोजणीचा पाया माणसांची संख्या हाच राहिला. २०११च्या जनगणनेत सव्वादोन लाखांच्या वर असलेल्या चांदवड तालुक्याला या हिशेबाने सातेक केंद्रे बसतात. ती कुठे, हे तो आकडा सांगत नाही.

मग ओपीडीचे आकडे बघून गरज ठरवावी, असे अनेकांना वाटते. इथे मला एडवर्ड जार्विस या डॉक्टरची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला हा माणूस आकडेवारीच्या मागे लागलेला. मनोरुग्णालयात दाखल होणारे रुग्ण कुठून येतात, हे त्याने १८५० साली तपासले. ज्या जिल्ह्यात रुग्णालय, तिथून लोकसंख्येच्या मानाने सर्वांत जास्त रुग्ण. अंतर वाढत जाते तशी संख्या उतरत जाते. रुग्णालयाजवळ राहून लोकांना वेड लागत नाही, हे उघड आहे. लांबच्यांचा आजार घरातच राहत होता. हा शोध आज ‘जार्विसचा नियम’ म्हणून ओळखला जातो, पण संगणकी नकाशांच्या कौतुकात त्याचे नाव क्वचितच निघते, याचे मला फार वाईट वाटते. ओपीडीच्या गर्दीवरून नवी सोय ठरवली तर जिथे सोय आहे तिथेच आणखी मिळत जाते, हा धोका त्याच्या आकड्यांतूनच दिसतो.

१९७४ साली चर्च आणि रेव्हेल या दोन संशोधकांनी प्रश्नच बदलला. एकूण अंतर किती, हे सोडून त्यांनी विचारले: ठरावीक मर्यादेच्या आत जास्तीत जास्त किती लोक येतील? ही मर्यादा किलोमीटरमध्ये धरण्यापेक्षा मिनिटांत धरावी, आणि मिनिटे मळ्यातल्या घरापासून मोजावीत. अडलेल्या बाईला किंवा साप चावलेल्या शेतकऱ्याला आधी मळ्यातून डांबरी रस्त्यापर्यंत यायचे असते, मग गाडी. सातमाळ्यापलीकडचे गाव नकाशावर हाताशी दिसते, पण वाट घाटाने वळसा घेते. उलट वडनेरभैरवच्या माणसाला चांदवडपेक्षा निफाड तालुक्यातले पिंपळगाव बसवंत जवळ पडते. तालुक्याच्या सीमेवर थांबणारा नकाशा या दोन्ही ठिकाणी चुकतो.

सॉफ्टवेअर ‘सर्वोत्तम जागा’ देते, या जाहिरातीवर म्हणूनच माझा विश्वास नाही. एकूण अंतर कमी करायचे की शेवटची वस्ती अर्ध्या तासात आणायची, हे आधी माणसांनी ठरवायचे असते. शिवाय संगणक धरून चालतो की इमारत आहे म्हणजे डॉक्टर आहे. पद रिकामे असेल तर गाठ कुठेही बांधा, रुग्णाचे अंतर पुढच्या रुग्णालयापर्यंतच मोजले पाहिजे. आणि काही आजारांत इमारतीची वाट बघण्याचे कारणच नसते. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला.

चांदवडच्या वाचकाला एक काम सुचवतो. केसपेपरवर रुग्णाचे गाव लिहिलेले असते. वर्षभराच्या नोंदींतून, नावे वगळून, प्रत्येक गावाचे हजार लोकांमागे किती रुग्ण आले ते काढता येईल. ज्या गावांचा आकडा शेजारच्या गावांपेक्षा फार कमी, तिथे आशाताईंना विचारावे: लोक खाजगी दवाखान्यात जातात, की घरीच राहतात? दुसरे उत्तर जिथून येईल, त्या गावांची यादी घेऊन ग्रामसभेत जागेची चर्चा सुरू करावी.