सुईची भीती आणि कंबरेची कळ

सुई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? लहानपणी शाळेत टोचायला आलेली नर्स, नाहीतर गोधडी शिवताना बोटात घुसलेली सुई. त्यामुळे "अंगात सुया टोचून घ्यायला लातूरला चालले," असं मी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आता हे काय नवीन खूळ? आमच्या वेळी बिब्ब्याचा चटका देत होते, तेवढ्यावर भागत होतं," म्हणाल्या. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जाऊ दे तिला, एसटीचं तिकीट अर्धंच आहे."

माझी कंबर दुखायला लागली ती २०१६ च्या उन्हाळ्यात. तो दुष्काळ आपल्या बीड जिल्ह्यातली बाई विसरणार नाही. टँकर आला की घागरी घेऊन पळायचं आणि जिना चढून पाणी वर न्यायचं. तेव्हा सुरू झालेली कळ पाऊस पडला तरी गेली नाही. मग मेडिकलमधून गोळी आणायची, घ्यायची आणि कामाला लागायचं. बचत गटाच्या बैठकीला जाताना पर्समध्ये पैसे नसले तरी चालतील, पण गोळ्यांची पट्टी हवी. अशी किती वर्षं गेली ते सांगायची लाज वाटते. शेवटी पोटात आग पडायला लागली, बीपी वाढलं आणि डॉक्टर रागावले. "रोजची पेनकिलर पोट जाळते आणि किडनीलाही सोडत नाही," म्हणाले. एक्स-रे आणि रक्त-लघवीच्या तपासण्या झाल्या. मणक्याची थोडी झीज, बाकी काळजीचं काही नाही. त्यांनी व्यायाम लिहून दिले आणि वर म्हणाले, "ॲक्युपंक्चर करून बघायचं तर बघा, पण नोंदणी असलेल्या माणसाकडेच जा."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं नाही. गावात एका मंगल कार्यालयात शिबिर लागलं होतं, शेजारणीबरोबर तिथेच गेले. सतरंजीवर बायका ओळीने बसलेल्या, समोर स्टीलच्या वाटीत स्पिरिट आणि त्यात सुया. एकीच्या गुडघ्यातली सुई काढली, वाटीत बुडवली आणि दुसरीच्या खांद्याला लावली! मी चप्पल घातली आणि घरी आले. कावीळ, एचआयव्ही अशा सुईतून पसरू शकतात हे गटातल्या बायकांना मीच सांगत असते, आणि स्वतः रांगेत बसले होते.

आपल्या महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा वेगळा कायदा आहे आणि त्याखाली परिषदही आहे. म्हणजे "तुमचा नोंदणी क्रमांक काय?" असं विचारायचा आपल्याला हक्क आहे. विचारताना जीभ अडखळते, मला ठाऊक आहे, पण साडी घेताना आपण चार वेळा पदर उलगडायला लावतोच ना?

ही विद्या चीनची, हजारो वर्षांची. तिची वाट आपल्या शेजारून गेलीय हे मात्र मला गंमतीचं वाटतं. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. कोटणीस १९४२ साली तिथेच वारले. शांतारामबापूंचा सिनेमा जुन्या मंडळींना आठवत असेल. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बसू १९५० नंतरच्या दशकात पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि त्यांनी ते भारतात आणलं.

तर लातूरचे ते डॉक्टर. पहिल्या दिवशी सुई हातात घेण्याआधी त्यांनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. दुखतं कुठे, कधी, झोप कशी, पाळी कशी, कोणत्या गोळ्या चालू. जीभ बघितली, दोन्ही हातांची नाडी बघितली. रिपोर्टची फाईल मी नेली होती, ती पानन् पान चाळली. गरोदर बाई असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, हृदयाला पेसमेकर बसवला असेल किंवा जखमेतून रक्त लवकर थांबत नसेल तर हे आधीच सांगायचं, लपवायचं नाही. गरोदरपणात काही ठिकाणी, उदाहरणार्थ अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या जागी, सुई लावायचं टाळतात.

सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं. इंजेक्शनची सुई पोकळ असते, कारण तिच्यातून औषध जातं. ही भरीव आणि केसासारखी बारीक, हिच्यात औषध नसतं. पालथं झोपवून कंबरेला, गुडघ्यामागे आणि घोट्यापाशी अशा दहा-बारा लावल्या. टोचताना मुंगी चावावी तेवढंच. नंतर मात्र त्या जागी जडपणा येतो, मुंग्या येतात, आत काहीतरी ओढल्यासारखं वाटतं. मी घाबरून हाक मारली तर म्हणाले, "ते व्हायलाच पाहिजे." पण तीव्र कळ किंवा वीज चमकल्यासारखं झालं तर लगेच सांगायचं, ते सोसत पडायचं नाही. आपल्याला सोसायची फार सवय! वीसएक मिनिटं तशीच पडून होते आणि खरं सांगू? मला झोप लागली. दुपारी पंख्याखाली, कुणी हाक न मारता वीस मिनिटं पडून राहायला मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. निम्मा गुण त्याचाच असेल, अशी माझी शंका आहे.

दुसऱ्या खेपेला मी घोळ केला. चतुर्थी होती आणि मी उपाशीच गेले. सुया काढल्यावर उठले तर डोळ्यांपुढे अंधारी. तिथल्या मुलीने धरलं म्हणून बरं. तेव्हा उपासाच्या दिवशी जाऊ नका, निघण्याआधी पोळी-भाजी खा. सैल पंजाबी ड्रेस सोयीचा, साडी असली तर गुडघा उघडायला अवघड जातं. बाई डॉक्टर किंवा मदतनीस खोलीत असावी असं वाटत असेल तर तसं स्पष्ट सांगा. सुई लावलेल्या जागी एखादा काळानिळा डाग पडतो, तो चार दिवसांत जातो. छातीजवळ किंवा पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. असं क्वचितच घडतं, पण शिकलेला हात हवा तो यासाठीच. सुयांनंतर दम लागला किंवा छातीत दुखलं तर थेट दवाखाना गाठायचा.

आठवड्याला एक अशा मी आठ खेपा केल्या, एका खेपेचे तीनशे रुपये. पहिल्या दोनदा काहीच फरक नाही, तिसऱ्यानंतर रात्री कूस बदलता यायला लागली. आता कंबर निम्म्याने बरी आहे. पूर्ण नाही. पाऊण तास खाली बसले की ती आठवण करून देतेच. पण गोळी महिन्यातून एखादी लागते. व्यायामही मी सोडला नाही, त्यामुळे श्रेय कुणाला किती द्यायचं ते मला कळत नाही. बरं, मोठ्या अभ्यासांतही हेच दिसलंय की जुनी कंबरदुखी, गुडघेदुखी, डोकेदुखी यांत याने फायदा होतो. खोट्या सुया लावून तुलना केली तेव्हा मात्र दोन्हींतला फरक लहानच निघाला. पाच-सहा खेपांत काहीच वाटलं नाही तर पैसे वाचवलेले बरे. आणि शुगर, बीपीच्या गोळ्या सुयांच्या भरवशावर बंद करायला कुणी सांगितलं, तर तिथून उठायचं.

माझी कंबर सुधारलेली बघून गटातली एक ऊसतोड करणारी बाई मागे लागली. "ताई, मला बी न्या की. मोळी उचलली की कंबरंत कळ निघती, रातभर डोळा लागत न्हाई." मी तिला न्यायला निघालेच होते. बोलता बोलता कळलं की अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय आणि एका खासगी दवाखान्यात "पिशवी काढून टाक" असा सल्ला मिळालाय. वय किती, तर बत्तीस.

माझ्या पोटात गोळाच आला. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा विषय २०१९ साली विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. अशा बाईला मी सुया टोचायला नेणार होते! ताप, पांढरं जाणं, पायाला बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यांतलं काही कंबरदुखीबरोबर असेल तर आधी तपासणी.

लातूरची गाडी सोडून आम्ही इथल्याच, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात गेलो. दिवस गेला, रांगा होत्याच. सोनोग्राफी झाली, जंतुसंसर्ग निघाला, नवरा-बायको दोघांनाही गोळ्या दिल्या. पिशवी काढायची गरज नाही असं तिथल्या बाई डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

दिवाळी झाल्यावर तिची टोळी कारखान्याला निघाली. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, पोरं, त्यावर ती. पांढरं जायचं थांबलंय, कंबर अजून दुखतेच. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं म्हटल्यावर ती कशी थांबणार? "आल्यावर तुमच्या सुया बघू, ताई," म्हणाली. गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळ्या परततात. तिच्या आठ खेपांचे पैसे गटातून कसे उभे करायचे, ते येत्या बैठकीत काढणार आहे.