तंबोऱ्याची घोडी आणि आपलें कर्तव्य



तंबोऱ्याचा नाद आपण सारेच ऐकतों. तो ज्या वस्तूंतून उत्पन्न होतो, त्यांचा विचार मात्र क्वचित् करतों. आज तोच करावयाचा आहे.

मिरज हें तंतुवाद्यांचें जुनें माहेरघर. तेथील सतार व तंबोरा यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. या वाद्यांचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांत पिकतो. दांडी व तबली तुणीच्या लांकडाची करतात. भोपळा दरसाल लावतां येतो, झाडही पुन्हां वाढवितां येतें. खरा प्रश्न आहे तो घोडीचा.

घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लहानशी बैठक. तिचा माथा किंचित् उतरता घासून तारेखालीं सुताचा धागा सरकविला, म्हणजे कंप पावणारी तार घोडीस हळुवार स्पर्श करीत राहते. त्यांतून वरचे स्वरांश उमटतात. हीच जवारी. याकरितां पदार्थ कठीण व घट्ट हवा. म्हणून पूर्वीं, विशेषतः सतारीच्या घोडीस, हस्तिदंत अथवा सांबरशिंग लावीत.

हस्तिदंतापायीं हत्तींचा झालेला संहार सर्वांस ठाऊक आहे. शिंगाविषयीं मात्र कोणी म्हणेल, ‘सांबर दरवर्षीं शिंगें गाळतें, गळलेलें उचलण्यांत पाप तें कोणतें?’ शंका रास्त आहे. तिचीं उत्तरें दोन. शिंगाची एकदां पट्टी कापली, कीं तें गळलेलें कीं मारून काढलेलें, हें ओळखणें दुष्कर. एकाच्या आडून दुसरें विकलें जातें. शिवाय रानांत पडलेलें शिंग वायां जात नाहीं. साळिंदर तें कुरतडतें आणि त्यांतील चुना त्याच्या अंगीं लागतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यांतील पुढील दुरुस्त्या यांमुळें या दोन्ही वस्तूंचा व्यापार बंद झाला. आतां उंटाचें हाड, आबनूस किंवा कृत्रिम पदार्थ यांच्या घोड्या होतात.

कित्येक वादकांस शिंगाचा नाद अधिक गोड वाटतो. त्यांच्या कानांवर अविश्वास दाखविण्याचें कारण नाहीं. परंतु जवारी पदार्थाइतकीच ती घासणाऱ्या हातावर अवलंबून असते. आणि नादांत थोडें उणें राहिलें, तरी तें एका जिवाहून मोलाचें नव्हे.

तेव्हां नवें वाद्य घेतांना घोडी कशाची आहे, एवढें अवश्य विचारावें. गिऱ्हाईक विचारूं लागलें, म्हणजे कारागीर योग्य पदार्थाच्या शोधास लागतो. तें गप्प राहिलें, तर कायदा कागदावरच राहतो.