गळक्या नळाची घरच्या घरी दुरुस्ती

शेतातील ठिबक संचाच्या तोटीतून पडणारा थेंब मोजून पडतो, पिकाच्या मुळाशी पडतो आणि ठरलेल्या वेळी थांबतो. घरातील गळक्या नळाचा थेंब मात्र कोणी मोजत नाही, तो कोणाच्या उपयोगी पडत नाही आणि टाकीत पाणी असेपर्यंत रात्रंदिवस पडत राहतो. ताशी ४ लिटर पाणी देणारी ठिबकची तोटी दिवसातून दोन तास चालविली तर ती ८ लिटर पाणी देते. ताशी केवळ एक लिटर गळणारा नळ चोवीस तासांत २४ लिटर पाणी वाया घालवितो. म्हणजे अशा तीन तोट्यांचे पाणी न्हाणीच्या मोरीतून वाहून जाते.

महाराष्ट्राचा फार मोठा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी मुख्यतः भेगांतून व कुजलेल्या थरांतूनच साठते. सबब पावसाळ्यात तुडुंब भरलेल्या विहिरी अनेक ठिकाणी उन्हाळ्यात तळ गाठतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी पोहोचवावे लागले, ही गोष्ट अद्याप लोकांच्या स्मरणात आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागातील प्रत्येक घरी नळाने दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे प्रमाण ठरविण्यात आले. हे प्रमाण लक्षात घेतले असता २४ लिटरांची गळती म्हणजे एका माणसाच्या वाट्याचे जवळजवळ निम्मे पाणी होय. गावातील शंभर नळ याप्रमाणे दिवसभर गळत असतील तर चार दिवसांत दहा हजार लिटरच्या टँकरइतके पाणी वाया जाईल.

गळती किती आहे ते मोजावे

रात्री निजण्यापूर्वी गळक्या नळाखाली एक रिकामे भांडे ठेवावे व वेळ टिपून ठेवावी. सकाळी साठलेले पाणी लिटरच्या मापाने मोजावे आणि गेलेल्या तासांनी भागावे. येणाऱ्या संख्येस २४ ने गुणले असता दिवसाची गळती कळते. हा हिशेब घरातील शाळकरी मुलेही करू शकतील. आकडा डोळ्यांपुढे आला म्हणजे दुरुस्ती उद्यावर ढकलण्याची वृत्ती आपोआप कमी होते.

गळती कोठून होते?

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी गळतीचे ठिकाण निश्चित करावे. नळ पूर्ण बंद केल्यावरही तोंडातून थेंब पडत असतील तर आतील वॉशर, म्हणजेच ज्याला गावोगाव वायसर म्हणतात तो, झिजलेला असतो किंवा तो ज्या बैठकीवर दाबला जातो ती बैठक खराब झालेली असते. नळ चालू असताना मुठीखाली दांड्याभोवती पाणी झिरपत असेल तर तेथील पॅकिंग सैल झालेले असते. नळ जेथे भिंतीतील पाइपला जोडला आहे तेथे ओल दिसत असेल तर आट्यांचा सांधा सुटलेला असतो. नळाच्या अंगालाच चीर गेलेली असेल तर दुरुस्तीचा खटाटोप न करता नवा नळ बसवावा.

नळ अधिक जोराने आवळणे हा उपाय नव्हे. त्याने झिजलेला वॉशर आणखी कापला जातो, बैठकीवर ओरखडे पडतात आणि चार दिवसांनी गळती पूर्वीपेक्षा वाढते.

वॉशर बदलण्याची रीत

या कामास जबडा सरकवता येणारा एक पाना, एक पक्कड, एक स्क्रू-ड्रायव्हर, जुने फडके आणि योग्य मापाचा वॉशर एवढे साहित्य पुरते. घरगुती नळ बहुधा अर्धा इंची, म्हणजे १५ मिलिमीटरचे असतात. तथापि वॉशरची जाडी व भोक निरनिराळे असल्यामुळे दुकानात जाताना जुना वॉशर बरोबर न्यावा.

प्रथम टाकीचा व्हॉल्व्ह किंवा घराच्या जोडणीवरील मुख्य कॉक बंद करावा आणि नळ उघडून पाइपातील उरलेले पाणी काढून टाकावे. मोरीच्या जाळीवर फडके पसरावे, म्हणजे बारीक स्क्रू वाहून जाणार नाहीत. त्यानंतर मुठीवरील टोपी व तिच्याखालील स्क्रू काढून मूठ उचलून घ्यावी. नळ अर्धवट उघडा ठेवावा, जेणेकरून वॉशर बैठकीवर दाबलेला राहणार नाही.

आता दांडा धरून ठेवणारा वरचा भाग पान्याने घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवून सैल करावा. नळाची चकाकी खराब होऊ नये म्हणून पान्याखाली फडके गुंडाळावे. हे करीत असताना दुसऱ्या हाताने किंवा पक्कडीने नळाचे अंग घट्ट धरणे अत्यंत अगत्याचे आहे. तसे न केल्यास नळाबरोबर भिंतीतील पाइपही पिळला जातो आणि प्लास्टिकचा किंवा गंजलेला पाइप आतल्या आत मोडण्याचा संभव असतो. लहान काम मोठे होते ते बहुधा याच ठिकाणी.

वरचा भाग निघाल्यावर त्याच्या टोकाशी वॉशर दिसेल. काही नळांत तो लहान नटाने किंवा स्क्रूने आवळलेला असतो. जुना वॉशर काढून त्याच मापाचा नवा सपाट बसवावा. नंतर बैठकीवरून बोट हलकेच फिरवून पाहावे. ती गुळगुळीत असेल तर चिंता नाही. खाच किंवा खड्डा लागत असेल तर नवा वॉशरही थोड्याच दिवसांत कापला जाईल. अशी बैठक घासून सपाट करण्याचे अवजार नळकारागिराजवळ असते. नळ स्वस्तातला असेल तर तो बदलणेच परवडते. कूपनलिकेच्या जड पाण्यामुळे दांड्यावर पांढरे क्षार साठले असल्यास तो भाग काही वेळ लिंबाच्या रसात भिजवून, घासून व स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावा.

काढलेले भाग उलट क्रमाने बसवावेत. आटे प्रथम हातानेच लावावेत. ते सरळ बसले आहेत याची खात्री झाल्यावर मगच पाना लावावा. शेवटी मुख्य कॉक हळूहळू उघडावा व गळती थांबली किंवा नाही ते पाहावे.

दांड्याची व सांध्याची गळती

दांड्याभोवती पाणी येत असेल तर मुठीखालील नट थोडासा, पाव फेऱ्याहून कमी, आवळावा. बहुधा तेवढ्याने काम भागते. न भागल्यास पाणी बंद करून तो नट वर घ्यावा आणि दांड्याभोवती मेणात घोळविलेला सुती दोरा किंवा पीळ दिलेली टेफ्लॉन पट्टी गुंडाळून नट पुन्हा बसवावा. मूठ सहज फिरली पाहिजे, इतपतच तो आवळावा.

सांधा गळत असेल तर नळ उतरवून आट्यांतील जुनी सुतळी व घाण साफ करावी. आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून टेफ्लॉन पट्टीचे आठ-दहा वेढे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून द्यावेत. उलट दिशेने दिलेली पट्टी नळ बसविताना सुटून येते. शिसेयुक्त सफेदा किंवा शेंदूर पूर्वी सांध्यास लावीत असत. शिसे शरीरास घातक असल्याने पिण्याच्या पाण्याच्या सांध्यास ते लावू नयेत.

अलीकडील पाव फेऱ्यात उघडणाऱ्या पुष्कळ नळांत रबरी वॉशर नसून चिनी मातीच्या दोन चकत्या असतात. चकत्यांत कचरा अडकला असल्यास धुऊन गळती थांबते. अन्यथा आतील संपूर्ण नळी बदलावी लागते. तिची लांबी व दांड्यावरील दात जुळले पाहिजेत, म्हणून जुनी नळी नमुन्यादाखल दुकानात न्यावी.

आरोग्याचा प्रश्न

गळक्या नळाखाली साठलेले डबके केवळ चिखल करीत नाही. अनुकूल हवेत सुमारे आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. म्हणून असे डबके आठवड्यातून एकदा तरी पूर्ण कोरडे झालेच पाहिजे. ज्या गावी पाणी ठरावीक वेळीच सुटते तेथे दुसरा धोका संभवतो. पुरवठा थांबला म्हणजे उतरत्या पाण्यामुळे पाइपात ओढ निर्माण होते आणि चिखलात बुडालेल्या गळक्या सांध्यातून घाण पाणी आत शोषले जाऊ शकते. यास्तव खड्ड्यात बसविलेले नळ वर घ्यावेत, त्यांचे सांधे कोरडे राखावेत आणि नळाला लावलेल्या रबरी नळीचे टोक बादलीत किंवा गुरांच्या हौदात बुडवून ठेवू नये.

मुख्य कॉक बंद होत नसेल, पाइप भिंतीच्या आत गळत असेल किंवा गळती ग्रामपंचायतीच्या वाहिनीवर असेल तर मात्र माहितगार माणसास बोलवावे किंवा पंचायतीस वर्दी द्यावी. एरवी वॉशर बदलणे हे अर्ध्या तासाचे काम असून घरातील कोणाही प्रौढ स्त्रीपुरुषास ते साधते. इंजिनाचे किंवा फवारणी पंपाचे वॉशर बदलणाऱ्या शेतकऱ्यास त्यात नवीन असे काही नाही. घरात दोन-चार वॉशर व टेफ्लॉन पट्टीचे एक रीळ नेहमी जपून ठेवावे, आणि पाणी मुबलक असताना, म्हणजे दिवाळीच्या सुमारासच, सर्व नळ एकदा तपासून घ्यावेत. पुढे चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागेल, तेव्हा वाचविलेली प्रत्येक घागर डोक्यावरून आणावी लागणाऱ्या एका घागरीची खेप कमी करील.